कडुनिंबाचा पाला गोड लागतो काय?

पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली, की बदलापूरजवळच्या सोनिवलीसारख्या गावांत साप दिसू लागतात. बिळांत पाणी शिरते, उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग साप. कोणाला साप चावला, की एक परीक्षा अजूनही पुष्कळ ठिकाणी घेतली जाते. कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही. गोड लागला तर विष चढले! यात तथ्य किती?

चव ओळखतात त्या जिभेवरील रुचिकलिका. पण पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय त्यांना त्याचा पत्ता लागत नाही. घरी करून पाहा. स्वच्छ रुमालाने जीभ अगदी कोरडी पुसा आणि तिच्यावर साखरेचे दोन दाणे ठेवा. लाळ सुटेपर्यंत गोडी कळत नाही. भीतीने तोंडाला कोरड पडते, हे तर परीक्षेच्या दिवशी तुम्हीही अनुभवले असेल. त्यात भोवतालचे दहा जण ‘गोड लागतो ना?’ म्हणून विचारीत असतात. मग बिनविषारी धामण चावलेल्यालाही पाला सपक वाटला, तर नवल नाही.

याच्या उलट प्रकार अधिक घातक. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, सूज नाही, वेदनाही फारशी नाही. तिचे विष मज्जातंतू व स्नायू जुळतात तेथे काम करते. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. रुचिकलिकांना त्याची खबरही नसते. पाला कडूच लागतो आणि घरचे निश्चिंत होतात!

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्यासाठी दवाखान्यात एक साधी परीक्षा आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिलिलिटर रक्त २० मिनिटे न हलविता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. अशा रोग्याची जखम ब्लेडने कापली तर काय होईल, ते तुम्हीच ताडा.

मग मांत्रिकाकडे माणसे बरी होतात ती कशी? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ही माणसे मंत्राविनाही जगलीच असती. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे.

खरा उपाय प्रतिविषाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून हे औषध बनते. लहान मुलालाही ते मोठ्या माणसाइतकेच देतात, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत रोग्याला चालवू नये. विष बरेचसे लसिकावाहिन्यांतून पसरते आणि स्नायूंच्या हालचालीने ती लसिका पुढे ढकलली जाते. म्हणून मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी बांधून हात किंवा पाय स्थिर ठेवावा. करकचून दोरी मात्र बांधू नये. त्याने रक्तपुरवठा थांबून अवयवच गमवावा लागतो. आधीच कोणी ती बांधली असेल, तर ती वाटेत सोडू नये. अडलेले विष एकदम शरीरात जाते, म्हणून ती डॉक्टरांसमोरच सोडावी.