भिंतीवर काय लावायचे, हे ठरवणारा माणूस

आपल्या अंकात करिअर म्हटले की एनडीए, एसएसबी आणि फार तर इंजिनीअरिंग. पण आपल्यातले सगळेच एसएसबी पार करणार नाहीत, आणि काहींना मनातून ते नकोही असेल. म्हणून मित्रांनो, या वेळी जरा वेगळ्या कामाविषयी: समकालीन कलेच्या संग्रहालयातला क्युरेटर.

मराठीत त्याला अभिरक्षक म्हणतात. शब्दावरून वाटते, आपल्या क्वार्टरमास्टरसारखा वस्तू मोजून कुलुपात ठेवणारा कोणी असेल. जुनी नाणी आणि मूर्ती यांच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. पण समकालीन कलेत कलावंत बहुधा जिवंत असतो, वाद घालतो, आणि त्याचे कोणते काम पुढे टिकेल हे ठरलेले नसते. क्युरेटर आधी निवडतो, जबाबदारी घेतो, आणि शिव्याही खातो.

ओक्वुई एन्वेझोर यांचे उदाहरण घ्या. जन्म 1963, नायजेरियातील कलाबार. 1967 ते 1970 या काळात तिथे बियाफ्राचे यादवी युद्ध झाले आणि त्यांच्या कुटुंबाला पुन्हा पुन्हा घर सोडावे लागले. 1982 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि राज्यशास्त्र शिकले. चित्रकलेची पदवी नाही. कविता मात्र करत. न्यूयॉर्कच्या कलादालनांत आफ्रिकेतले आजचे कलावंत जवळजवळ दिसतच नाहीत, हे त्यांना खटकले. नुसती तक्रार न करता त्यांनी 1994 मध्ये सहकाऱ्यांसह 'एनका' हे नियतकालिक काढले. दोनच वर्षांत गुगेनहाइम संग्रहालयात आफ्रिकी छायाचित्रकारांचे प्रदर्शन उभे राहिले, आणि ते मांडणाऱ्यांत एन्वेझोर होते. त्यात मालीचे सेदू केइता होते. बामाकोतल्या त्यांच्या स्टुडिओत लोक नटूनथटून फोटो काढून घ्यायला येत. तेच फोटो आता नाव आणि साल लिहून संग्रहालयाच्या भिंतीवर लागले. फोटो बदलले नाहीत, पाहणारा बदलला. माझ्या मते क्युरेटरचे काम एवढ्यावरून समजावे.

जर्मनीत कासेलला 1955 पासून 'डॉक्युमेंटा' हे मोठे प्रदर्शन भरते. 2002 साली त्याची सूत्रे प्रथमच युरोपबाहेरच्या माणसाकडे आली, ती एन्वेझोर यांच्याकडे. त्यांनी त्याचे पाच भाग केले. त्यातला एक 2001 मध्ये नवी दिल्लीत झाला आणि तो चित्रांचा नव्हताच: हिंसाचारानंतर देश सत्य आणि न्याय कसा शोधतात, यावर चर्चा. कासेलमध्ये दिल्लीच्या अमर कंवर यांचा वाघा सीमेवरचा माहितीपटही होता. वाघ्याला आपण पाहतो ते ड्रिल. या चित्रपटात सीमारेषेवर एकमेकांच्या डोक्यावर ओझे देणारे दोन्हीकडचे हमालही दिसतात.

2011 मध्ये ते म्युनिकच्या 'हाउस डेर कुन्स्ट'चे संचालक झाले. ही इमारत हिटलरने बांधवून घेतलेली. 1937 मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी जवळच नाझींनी 'अधःपतित' ठरवलेल्या कलेचे प्रदर्शन उघडले, लोकांनी तिला हसावे म्हणून. महायुद्धानंतर इथे अमेरिकन सैन्याची ऑफिसर्स मेस होती. त्याच भिंतींवर 2016 मध्ये एन्वेझोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1945 ते 1965 या काळातली 65 देशांची कला मांडली.

अर्थात रोजचे काम एवढे रोमांचक नसते. दुसऱ्या संग्रहालयाकडून चित्र उसने मागायचे, त्याचा विमा, खोके, दमटपणा, प्रकाश किती, बजेट किती, आणि शेवटी भिंतीवरचा मजकूर चार ओळींत बसवायचा. ज्याला पत्रव्यवहाराचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेचा इतिहास आणि संग्रहालयशास्त्र दोन्ही शिकवतात. चित्र काढता आलेच पाहिजे असे नाही. वाचन आणि लेखन मात्र हवे.

कर्करोगामुळे 2018 मध्ये एन्वेझोर यांनी संचालकपद सोडले. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची टाकून दिलेली झाकणे तारेने विणून भिंतभर पडदे करतात. त्यांचे मोठे प्रदर्शन एन्वेझोर यांनी एका सहकाऱ्यासह तयार केले होते. ते मार्च 2019 मध्ये म्युनिकला उघडले. 15 मार्चला एन्वेझोर गेले, तेव्हा ते भिंतींवर होते.