व्हीलचेअर फिरेल असे घर

आपल्याकडे घर सजवायचे ते दोनदा. एक 14 एप्रिलला, दुसरे बुद्धपौर्णिमेला. रंगाचे डबे येतात, निळ्या दिव्यांच्या माळा लागतात, पंचशील ध्वज दारावर चढतो. दीड वर्षापूर्वी जयंतीच्या आधी आमच्या मोठ्या भावाच्या घरी अशीच तयारी चालली होती. वहिनी व्हीलचेअरवर कोपऱ्यात बसून बघत होत्या. भावाने विचारले, "भिंतीला कोणता रंग देऊ?" वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल तो द्या. मला तर या कोपऱ्यातून एवढीच भिंत दिसते."

त्या वाक्याने आम्ही दोघे भाऊ खजील झालो. रंगाचे डबे बाजूला ठेवून आधी टेप आणला.

वहिनी त्याच्या दीड वर्ष आधी पोटमाळ्याच्या लोखंडी शिडीवरून पडल्या होत्या. मणक्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद व संवेदना गेली. हॉस्पिटलमधून घरी आणले तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांची सेवा केली, नाही असे नाही. पण सेवा म्हणजे काय, तर चहा हातात देणे, केस विंचरून देणे, बसवणे, उठवणे. ज्या बाईने पंचवीस वर्षे शिलाईचे काम करून दोन मुले शिकवली, तिला पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा हाक मारावी लागत होती. याकडे आमचे लक्षच नव्हते.

घर म्हणजे बैठ्या चाळीतली बारा बाय पंधराची खोली. वाचकांपैकी पुष्कळांचे घर याच मापाचे असेल, म्हणून मापे सांगतो. व्हीलचेअर साधारण 25-26 इंच रुंद असते. चाक फिरवणाऱ्या हाताची बोटे धरली तर दार किमान 32 इंच मोकळे हवे. आमचे 28 इंचांचे होते. खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळवायची तर 5 फूट बाय 5 फूट मोकळी जमीन लागते. आमच्या खोलीत शोकेस, कपाट, दोन ट्रंका आणि पाहुण्यांसाठीचा सोफा मांडल्यावर मोकळी जमीन उरली होती ती पायपुसण्याएवढी. सोफा विकला. त्यावर बसून कोण काय मोठे करत होते? ट्रंका खाटेखाली गेल्या. दाराची चौकट बदलून 33 इंचांची केली आणि उंबरा काढून टाकला.

खरी लढाई दाराबाहेर झाली. जमिनीपासून दार 12 इंच उंच. उताराचा हिशेब असा की, उंचीच्या दर इंचाला 1 फूट लांबी. म्हणजे 12 इंचांना 12 फुटांचा उतार, वर दारासमोर 4 फूट सपाट जागा. पहिल्या वेळी गवंड्याचे ऐकून आम्ही 4 फुटांतच उतार बांधला होता. भाऊ खुर्ची ढकलायला लागला, ती अर्ध्यावरून मागे आली आणि वहिनी पडता पडता वाचल्या. तो उतार फोडावा लागला. सिमेंट वाया गेले, गवंड्याची मजुरीही वाया गेली.

नवा उतार भिंतीच्या कडेने घ्यायचा ठरला. पण भावाच्या घराची भिंत 12 फुटांची, आणि लागत होते 16 फूट. म्हणजे शेजाऱ्यांच्या दारापुढची 4 फूट जागा हवी होती. गल्ली 7 फूट रुंद. दारासमोरचा सपाट भाग 4 फूट रुंद केला तर गल्लीला 3 फूट उरणार. रात्री चाळीत बैठक झाली. सगळे आपलेच लोक, एकाच विहारात वंदनेला बसणारे. तरी हरकती आल्या. सिलिंडरची गाडी कशी येणार? गटार कसे साफ करणार? शेवटी एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "उद्या कुणाची तिरडी न्यायची वेळ आली तर?"

वहिनी दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मेलेल्याच्या वाटेची काळजी करता, मग जित्या माणसानं कुठून जायचं?"

कोणी बोलेना. मग मी टेप काढून 3 फूट सगळ्यांना मोजून दाखवले. गटारावर काढता-घालता येतील अशी लोखंडी झाकणे बसवायचे कबूल केले. शेजारच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपले पाण्याचे पिंप स्वतःच सरकवले. आज त्यांचा नातू त्या उतारावरून सायकल शिकतो आहे, आणि त्यांचे सिलिंडरही वरपर्यंत घरंगळत येते. उताराच्या दोन्ही कडांना 2 इंचांचा काठ ठेवला आहे, चाक खाली घसरू नये म्हणून. वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवला.

मोरीबद्दल लिहायला लोकांना संकोच वाटतो, पण घरात सर्वात जास्त अपमान तिथेच होतो. चाळीचा सार्वजनिक संडास वहिनींच्या उपयोगाचा नव्हता. खाली भांडे असलेली कमोडची खुर्ची आणली आणि मोरीला छतापासून जाड पडदा लावला. मोरीचा 6 इंचांचा कठडा काढला, फरशी खरबरीत बसवली आणि उतार जाळीकडे काढला. वेल्डरकडून नळीचा दांडा करून भिंतीत बोल्टने पक्का बसवला. दांडा आमच्या नव्हे, त्यांच्या हाताच्या उंचीवर हवा, म्हणून त्यांना बसवून खडूने खूण करून घेतली. आता त्या आपली आंघोळ आपण करतात. विनयपिटकात भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूच्या अंगावर स्वतः पाणी ओतल्याचा आणि आनंदांनी त्याला धुतल्याचा प्रसंग आहे. वहिनींना तो विहारात ऐकून माहीत होता. "पण भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो भिक्खू बरा झाल्यावर आपली आपणच आंघोळ करत असेल ना?"

स्वयंपाकाचा ओटा जुना, उभ्याने काम करण्याचा. त्याला हात लावला नाही. शेजारी 29 इंच उंचीवर कडप्प्याची एक फळी बसवली, तिच्या खालची जागा मोकळी ठेवली म्हणजे गुडघे आत जातात. एक शेगडी, चहा-साखरेचे डबे, मिसळणाचा डबा सगळे तिथे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी गरम भांडे कधीही मांडीवर ठेवू नये. चहा सांडला तरी कळत नाही, आणि भाजलेले दिवस दिवस भरत नाही. आम्ही मांडीवर ठेवायला कडा असलेला लाकडी पाट करून घेतला. तसेच दिवसभर एकाच जागी बसून जखमा होतात, म्हणून जाड उशी आणि थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलणे चुकवायचे नाही. खाटेची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी ठेवली की खाटेवर सरकणे सोपे जाते. विजेची बटणे, आरसा, खुंट्या, दिनदर्शिका हे सगळे 4 फुटांच्या आत आले. शिलाई मशीनचे पायडल बंद झाले होते, तिला हाताने फिरवायचे चाक बसवले आणि मशीन खिडकीपाशी नेले.

एवढे झाल्यावर रंगाची पाळी आली. वहिनींनी फिकट आकाशी निवडला. भिंतीच्या खालच्या 3 फुटांना गडद निळा तेलरंग दिला, कारण चाकाचे ओरखडे तिथेच पडतात आणि तेलरंग पुसता येतो. कोपऱ्यांना ॲल्युमिनियमची पट्टी मारली.

मग प्रश्न आला तसबिरींचा. भगवान बुद्ध, बाबासाहेब, रमाई, जोतिबा-सावित्री, सगळे 6 फुटांवर. वहिनींना दीड वर्षात स्वतःच्या हाताने एक फूल वाहता आले नव्हते. मी म्हटले, तसबिरी खाली घेऊ. आमचे अण्णा ताडकन उठले. "बाबासाहेबांना खाली आणायचं? माझ्या जिवंतपणी?" बाबासाहेबांचा तो फोटो त्यांनी तरुणपणी दीक्षाभूमीवरून आणलेला. मी वाद घातला नाही. त्यांच्या मनातला आदर खोटा नव्हता. मोठा फोटो जागेवरच राहिला. त्याच्या बरोबर खाली 32 इंचांवर सागाची फळी बसवली, तिच्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा लहान फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती. जयंतीच्या सकाळी वहिनींनी खुर्ची फळीखाली नेली, मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटले. अण्णांचे वय 80 च्या पुढे, गुडघे गेलेले. ते थोडा वेळ उभे राहिले, मग स्टूल ओढून वहिनींच्या शेजारी बसले. हल्ली ते रोज तिथेच बसतात.

एकूण खर्च 38 हजार झाला, फुकट गेलेला उतार धरून. मी कारकून माणूस, पै-पैची वही ठेवली आहे. यातला बराच पैसा वाचला असता, घर बांधतानाच विचार केला असता तर. रमाई आवास योजनेचे घरकुल बांधणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, गवंड्याला आधीच सांगा, दार 3 फुटांचे आणि उंबरा नको. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व धरले आहे आणि सरकारी घर-योजनांत 5 टक्के आरक्षण ठेवले आहे. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनीही आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी यासाठी वापरायचा आहे. त्यासाठी यू.डी.आय.डी. कार्ड काढून घ्या आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. सरकारने 'अपंग' शब्द बदलून 'दिव्यांग' केला, पण पायऱ्या होत्या तेवढ्याच उंच राहिल्या आहेत.

पायऱ्यांवरून आठवले. वहिनी आता गल्लीच्या टोकापर्यंत एकट्या जातात, पुढे आमचे विहार आहे, आणि विहाराला तीन पायऱ्या आहेत. गेल्या रविवारी मी त्या मोजल्या. 18 इंच भरल्या, म्हणजे 18 फुटांचा उतार. समोर पटांगण 22 फुटांचे आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर समितीची बैठक आहे, आणि वहिनी म्हणाल्या आहेत की बैठक बाहेर पटांगणातच घ्या.