नंदादेवीचं दार

शिखराचा बेत आखायला बसलं की नकाशावर बोट आधी माथ्यावर जातं. मग तळ कुठे, किती कॅम्प, दोर किती, हे हिशेब. नंदादेवीच्या बाबतीत पन्नास वर्षं हा क्रम उलटाच राहिला. माथ्याचा प्रश्न आलाच नाही. सगळे बेत आत शिरण्याचे होते.

७,८१६ मीटर उंचीच्या या शिखराभोवती पर्वतांचा सुमारे सत्तर मैलांचा तट आहे. त्याला खिंडार एकच: पश्चिमेला ऋषिगंगेनं कापलेली घळ. आपल्या ट्रेकर मंडळींना सांगायचं तर सांदण दरी डोळ्यांपुढे आणा, तिचे कडे हजारो फूट उंच करा आणि तळातून हिमनद्यांचं वितळलेलं पाणी सोडून द्या.

१८८३ साली गिर्यारोहक ग्रॅहॅम दोन स्विस साथीदारांना घेऊन या घळीत शिरले आणि मागे फिरले. १९०५ मध्ये डॉ. टॉम लाँगस्टाफ पूर्वेच्या तटावरच्या एका खिंडीत पोचले. आतलं सगळं दिसलं, पण उतरता आलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी शेजारचं ७,१२० मीटरचं त्रिशूळ सर केलं. माणसानं गाठलेला तो तेव्हाचा सर्वांत उंच माथा, पण घळीचा वरचा टप्पा होता तसाच राहिला. अल्मोड्याचे डेप्युटी कमिशनर ह्यू रटलेज यांनी १९२६ ते १९३२ या काळात तीनदा वाट शोधली. तीनदाही तट आडवा आला.

मग १९३४. एरिक शिप्टन आदल्याच वर्षी एव्हरेस्टच्या मोठ्या लवाजम्याच्या मोहिमेवरून परतले होते आणि त्या लवाजम्याला विटलेही होते. त्यांनी बिल टिलमनना बरोबर घेतलं. मोहीम पाकिटाच्या पाठीवर आखता आली पाहिजे, अशा मताची ही माणसं. पाच महिन्यांच्या भटकंतीसाठी दोघांचा मिळून खर्च, बोटीच्या भाड्यासकट, तीनशे पौंडांच्या आत बसवला. अंग थर्के, पासंग आणि कुसांग हे तीन शेर्पा सोबतीला. खाणं म्हणजे मुख्यतः पीठ, तांदूळ, तूप.

याला कंजुषी म्हणणारे असतील. मला त्यात अचूक गणित दिसतं. ऋषिगंगेच्या वाटेवर शेवटची गावं मागे पडली की पुढे पिठाची चिमूटही मिळत नाही. समजा, पोर्टर पंचवीस किलो ओझं नेतो आणि दिवसाला किलोभर पीठ खातो. दहा दिवस जाण्याचे, तितकेच परतीचे. म्हणजे वीस किलो त्याच्याच पोटात. मोहिमेच्या वाट्याला उरले पाच. माणसं वाढवली की ओझंही वाढतं आणि खाणारी तोंडंही. पुढच्या काळातल्या मोहिमांनी लाता गावाच्या बाजूनं बकऱ्यांच्या पाठीवर पिठाच्या पिशव्या लादल्या, त्यामागेही हेच गणित. शिप्टन-टिलमननी माणसंच कमी केली.

रमणी नाला ऋषिगंगेला मिळतो तिथून पुढचं अंतर जेमतेम चार मैल. पाच जणांना त्याला नऊ दिवस लागले. ओझी थोडी थोडी पुढे न्यायची, ठेवायची, उरलेल्यांसाठी परत यायचं. कड्यावरची एक पट्टी संपली की दुसरी सापडेपर्यंत वर-खाली हुडकायचं. जूनच्या सुरुवातीला ते आतल्या कुरणांवर उतरले. पावसाळ्यात बाहेर पडले, बद्रीनाथ-केदारनाथ यांच्यामधल्या पाणलोटाच्या रांगा ओलांडल्या आणि पाऊस ओसरताना पुन्हा आत आले. या दुसऱ्या खेपेत त्यांनी दक्षिणेचा कणा काही उंचीपर्यंत पारखला आणि हा चढण्याजोगा आहे, असा निष्कर्ष काढला. माथ्यावर ते गेलेच नाहीत.

दोन वर्षांनी ब्रिटिश-अमेरिकन मोहीम त्याच वाटेनं आत शिरली, त्याच कण्यावरून चढली. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि नोएल ओडेल माथ्यावर पोचले. ओडेलबरोबर आधी चार्ल्स हूस्टन जायचे होते, पण डब्यातलं मांस बाधलं आणि टिलमनचा नंबर लागला. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत इतक्या उंच माथ्यावर कुणी चढलं नव्हतं. तरी माझ्या लेखी मोठी मोहीम १९३४ चीच.

१९६५ चा बेत वेगळ्याच जातीचा, हेरगिरीचा होता. चीनच्या अण्वस्त्र चाचण्यांवर नजर ठेवणारं अणुऊर्जेवरचं यंत्र माथ्यावर नेताना वादळ आलं, यंत्र वाटेत ठेवलं आणि पुढच्या वर्षी ते सापडलंच नाही. शिखर बंद झालं, ते १९७४ मध्ये खुलं झालं. त्याच वर्षी मुंबईचे हरीश कापडिया आतून देवतोळी शिखरावर चढले आणि उतरताना हिमभेगेत पडले. हेलिकॉप्टरपर्यंत पोचवायला सोबत्यांना तेरा दिवस त्यांना उचलून आणावं लागलं. ही घळ जखमी माणसाला कशी बाहेर सोडते, हे आत जाण्याच्या बेतात धरायचं राहूनच जातं.

पुढे आतला कचरा, जळणासाठी तोडलेलं जंगल, कस्तुरीमृगांची शिकार हे सगळं वाढलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तटाच्या आतलं हे अभयारण्य गिर्यारोहकांना बंद झालं. २००३ पासून मर्यादित संख्येनं सोडतात ते लाता गावाच्या बाजूनं धरांशी-देब्रुघेटापर्यंत. रमणीचा संगम त्याच्या पुढे आहे.