आचाऱ्याची यादी

लग्नघरी आचारी तुपापासून वेलदोड्यापर्यंत यादी लिहून देतो आणि मोकळा होतो. सामान कुठल्या दुकानातून आणायचं ते यजमान पाहतो. आम्ही ॲप बनवणारे यालाच ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतो. मार्टिन फाउलर यांच्या २००४च्या लेखानं हे भारदस्त नाव रूढ केलं. बिलाच्या स्क्रीनला सर्व्हरशी बोलणारा भाग लागतो. तो तिनं स्वतः घडवायचा नाही, फक्त मागायचा. चाचणीत खऱ्याऐवजी तोतया दिला तरी तिला कळत नाही.

दुसरं काम आवराआवरीचं. अँड्रॉइडवर ‘आर८’ हे साधन कुणी न वापरलेला कोड काढून टाकतं आणि उरलेल्या कोडमधली लांबलचक नावं ‘ए’, ‘बी’ अशी करतं. पूर्वी हे काम २००२ पासूनचं ‘प्रोगार्ड’ करायचं. २०१९ पासून आर८ आलं. ॲप आटोपशीर होतं, स्वस्त फोनवर पटकन उतरतं.

पण आर८ला फक्त लिहिलेलं दिसतं. ऐन स्वयंपाकात आचाऱ्यानं तोंडी काही मागितलं, तर तोवर कोठी झाडून झालेली असते.

माझ्यावर ती वेळ आली होती. एका किराणा ॲपच्या बिलात प्रत्येक रक्कम शून्य! माझ्या फोनवर सगळं ठाकठीक, कारण कामाच्या आवृत्तीत आर८ बंद असतं. रात्री जुन्या-नव्या नावांची नोंद असलेली ‘मॅपिंग’ची फाइल उघडली, तर एक ओळ: ‘अमाउंट’, पुढे बाण, पुढे ‘ए’. सर्व्हरकडून ‘अमाउंट’ येत होतं. जीसन ही लायब्ररी ॲप चालू असताना त्या नावाचा रकाना शोधत होती, आणि त्याचं तर बारसं झालेलं. ‘हे नाव जसंच्या तसं ठेव’ असा एका ओळीचा नियम घातला आणि रकमा परतल्या. मॅपिंगमधली ती ओळ सापडेपर्यंत पहाटेचे चार वाजले होते.

म्हणूनच डिपेंडन्सी इंजेक्शनसाठी मला डॅगर हे साधन आवडतं. स्क्वेअर कंपनीनं २०१२ मध्ये आणलं, पुढची आवृत्ती गूगलनं केली. त्याआधीचं ज्यूस (Guice) हे साधन सगळं सामान ॲप चालू असताना जुळवायचं. डॅगर ॲप बांधतानाच सगळी जुळणी साध्या कोडमध्ये लिहून ठेवतं. आर८ ती वाचतं, हवं ते राखतं. शिकायला किचकट आहे, हे मान्य.

नव्यानं या धंद्यात आला असाल तर रिलीजची आवृत्ती आधी स्वतःच्या फोनवर चालवा, आणि तिची मॅपिंग फाइल कधीही पुसू नका.