यातली मोबाइलची रेष कुठली?

व्हायवाचा दिवस. एक्स्टर्नल सरांनी माझा प्रोजेक्ट उघडला, ग्राफवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘यातली मोबाइलची रेष कुठली?’’

मी वाकून बघितलं आणि घामच फुटला. पेपर, टीव्ही, मोबाइल... तिन्ही रेषा एकाच करड्या रंगाच्या! लॅपटॉपवर त्या छान लालसर, हिरव्या, निळ्या दिसत होत्या. कलर प्रिंट महाग, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट काढली होती. दोन महिने वर्गावर्गांत फिरून केलेला सर्व्हे आणि साधं उत्तर देता येईना.

आधी झेरॉक्सवाल्या काकांवर राग काढला. नंतर कळलं, घोळ माझाच होता.

मी ग्राफ केला होता ‘आर’ या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये. ती फुकट मिळते आणि तिच्यातलं ‘जीजीप्लॉट टू’ हे हॅडली विकहॅम यांचं पॅकेज तर स्टॅट्सवाल्यांचं लाडकं. लेलँड विल्किन्सन यांच्या ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ या १९९९ च्या पुस्तकातल्या कल्पनेवर ते उभं आहे. ग्राफ म्हणजे एकावर एक रचलेले थर. डेटा, रेषा, रंग, थीम हे सगळं अधिकचं चिन्ह देऊन जोडत जायचं. म्हणजेच, हवा तो थर वेगळा बदलता येतो.

मी काहीच बदललं नव्हतं. आपण रंग सांगितले नाहीत, तर पॅकेज स्वतःच निवडतं. रंग वेगळे, पण सगळ्यांचा उजळपणा जवळपास सारखा. एकच रेष उगाच डोळ्यांत भरू नये म्हणून. स्क्रीनवर ते बरोबरच आहे, पण रंग काढून घेतला की उरतो एकच करडा!

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून :

रंग : ‘व्हिरिडिस’ रंगसंगती वापरा. ती गडदपासून फिक्यापर्यंत जाते, त्यामुळे झेरॉक्समध्येही फरक कळतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या मित्रालाही ती वाचता येते.

रेषा : ‘लाइनटाइप’ बदला. एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची.

नावं : बाजूच्या लेजंडऐवजी रेषेच्या टोकाशीच नाव लिहा. शोधाशोध संपली.

क्रम : महिने इंग्रजीत असतील, तर ग्राफ एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असा सुरू होतो, कारण क्रम एबीसीडीचा! ‘फॅक्टर’ करून खरा क्रम सांगा.

मराठी : अक्षरांच्या जागी चौकोन येतायत किंवा जोडाक्षरं फुटतायत? देवनागरी फॉन्ट निवडा आणि इमेज ‘रॅग’ पॅकेजने सेव्ह करा.

करडं बॅकग्राउंड नको असेल, तर ‘थीम मिनिमल’ आहेच. पण ती शेवटी. आधी ग्राफ वाचता आला पाहिजे. तो कोण बघणार, स्क्रीनवर की कागदावर, हे कॉम्प्युटरला माहीत नसतं. तुम्हाला असतं.

मी ग्राफ पुन्हा केला, पण मार्क गेले ते गेलेच. तुम्ही मात्र सबमिशनच्या आधी एकच पान ब्लॅक अँड व्हाइट काढा. रूममेटसमोर धरा आणि विचारा, ‘‘यातली मोबाइलची रेष कुठली?’’ तिने पटकन बोट ठेवलं, तरच बाइंडिंगला द्या.