अटलांटिकची फसवी शांतता

१९७० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची लोकसंख्या सुमारे ६८ लाख होती. २००० पर्यंत ती १ कोटी ६० लाखांच्या घरात गेली. किनाऱ्यालगत वसाहती वाढत होत्या, त्यातला बहुतेक काळ अटलांटिक शांत होता. १९७१ ते १९९४ या वर्षांत तीव्र हरिकेन, म्हणजे चक्रीवादळे, कमी झाली. १९९५ च्या एकाच हंगामात मात्र १९ वादळांना नावे द्यावी लागली. २००५ मध्ये २८ वादळे आली, आणि त्यांतल्या कतरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवले.

हवामानशास्त्रज्ञ स्टॅन्ली गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या बदलाचा संबंध उत्तर अटलांटिकच्या दशकानुदशकांच्या चढउताराशी जोडला. पाणी काही दशके उबदार राहते, मग थंडावते. हरिकेनला साधारण २६.५ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. शिवाय वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार तफावत असून चालत नाही, नाहीतर वादळ उभे राहण्याआधीच विस्कटते. उबदार टप्प्यात या दोन्ही गोष्टी जुळून येतात.

पण हे चक्र निसर्गाचेच आहे का? युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांच्या धुरातले गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवत होते. हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे आले, धूर विरळ झाला आणि समुद्र तापला, असे अनेक संशोधक मानतात. या चढउताराला नाव देणारे मायकेल मान यांनीच २०२१ मध्ये त्याच्या नैसर्गिक असण्यावर आक्षेप घेतला. वादळांच्या नोंदी १८५१ पासूनच्या आहेत. साठेक वर्षांचे चक्र त्यांत तीन वेळाही पुरते बसत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वाळूकडे वळले. हरिकेनच्या लाटा किनाऱ्यावरची भरड वाळू खाजणात लोटतात आणि तिचे थर गाळात टिकतात. प्वेर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावरच्या अशा थरांतून जेफ्री डॉनेली आणि जोनाथन वुड्रफ यांनी ५,००० वर्षांचा इतिहास वाचला. तिथे शतकानुशतके वादळी राहिलेले काळ आहेत, तसेच प्रदीर्घ शांततेचेही. एल निनो आणि पश्चिम आफ्रिकेचा मान्सून यांचा त्यांवर प्रभाव दिसतो.

तरीही चक्राचा टप्पा कळला म्हणजे किनारा सुरक्षित झाला, असे नाही. १९९२ हे शांत वर्षांपैकीच एक, पण त्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू या एकाच हरिकेनने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला. त्यातून शिकून राज्याने घरबांधणीचे नियम कडक केले. घराचे छप्पर दशकाच्या सरासरीला नव्हे, एका रात्रीच्या वाऱ्याला तोंड देते, आणि नियमही त्याच वाऱ्याच्या हिशेबाने ठरले पाहिजेत.