वेग आणि स्थैर्य : शर्यतीच्या कयाकची घडण

नौका लांब व अरुंद असली की ती वेगाने जाते आणि रुंद असली की ती स्थिर राहते, ही गोष्ट नौका बांधणाऱ्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मालवाहू जहाजाच्या बाबतीत ह्या दोहोंचा मेळ घालणे तितकेसे अवघड नसते. परंतु एकाच माणसाने बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवावयाच्या शर्यतीच्या कयाकमध्ये ह्या दोन गुणांचा विरोध अगदी उघड होतो. तेथे रुंदीचा प्रत्येक सेंटिमीटर वेगाला तरी द्यावा लागतो किंवा स्थैर्याला तरी.

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची नौका होय. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचे कातडे ताणून शिवीत. ग्रीनलँडमधील शिकारी आपली कयाक आपल्याच शरीराच्या मापाने घडवी. गोठविणाऱ्या पाण्यात नौका उलटली तर प्राणाशीच गाठ होती. तथापि सावजाचा पाठलाग करावयाचा तर नौका सडपातळ असणेही भाग होते. म्हणून ह्या शिकाऱ्यांनी नौका रुंद करण्याऐवजी, उलटलेली नौका वल्ह्याच्या आधाराने पुन्हा सरळ करण्याचे कौशल्य आत्मसात केले. स्थैर्य केवळ नौकेच्या आकारात नसते, तर नौका आणि तीत बसलेला माणूस ह्यांच्या जोडीत असते, हा धडा त्यांनी घालून दिला. पुढे शर्यतीच्या नौका घडविणाऱ्यांना तोच पुन्हा शिकावा लागला.

कयाकच्या शर्यतींचा ऑलिंपिक सामन्यांत अधिकृत समावेश १९३६ साली बर्लिन येथे झाला. एका माणसाच्या शर्यतीच्या कयाकची लांबी ५.२० मीटरपेक्षा अधिक असू नये व वजन १२ किलोग्रॅमपेक्षा कमी असू नये, असा नियम आहे. अशा नौकेतून हंगेरीच्या बालिंट कोपास ह्याने २०२१ साली टोकियो येथे १,००० मीटर अंतर ३ मिनिटे २०.६४ सेकंदांत कापले. म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर होता.

हा वेग किती मोठा आहे हे समजण्यासाठी पाण्याचा विरोध कसा निर्माण होतो ते पाहिले पाहिजे. एक विरोध घर्षणाचा असतो. नौकेचा जेवढा पृष्ठभाग पाण्याने भिजतो, तेवढे हे घर्षण अधिक. दुसरा विरोध लाटांचा. पुढे जाताना नौका पाणी दुभंगते आणि लाटा उठविते. त्या उठविण्यात वल्हविणाऱ्याची शक्ती खर्च होते. इंग्लंडमधील अभियंता विल्यम फ्रूड ह्याने एकोणिसाव्या शतकात लहान प्रतिकृती पाण्याच्या हौदात ओढून ह्या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. वेग वाढतो तसतशी नौकेने उठविलेली लाट लांब होत जाते. ५.२० मीटर लांबीच्या नौकेच्या बाबतीत, ताशी सुमारे १० किलोमीटर वेगाला लाटेची लांबी नौकेच्या लांबीएवढी होते. रुंद व जड नौकेला त्यापुढे जाणे म्हणजे जणू आपणच उभी केलेली टेकडी चढणे होय. कयाक मात्र इतकी सडपातळ असते की तिच्यामुळे उठणारी लाट लहानच राहते, आणि ती ही मर्यादा ओलांडून जाते. मग विरोधाचा मोठा वाटा उरतो तो घर्षणाचा. हे घर्षण कमीत कमी ठेवावयाचे तर नौकेच्या पाण्याखालील भागाचा आडवा छेद अर्धवर्तुळाकार असावा लागतो.

आणि येथेच अडचण सुरू होते. पाण्यावर तरंगणारा गोल ओंडका एका हाताने सहज फिरविता येतो. त्याच लाकडाची रुंद फळी मात्र सहजासहजी पालथी होत नाही. फळी कलंडली की तिची एक बाजू अधिक बुडते, तेथील पाणी तिला वर ढकलते आणि ती पूर्ववत होते. गोल ओंडका कितीही फिरला तरी त्याच्या बुडालेल्या भागाचा आकार बदलत नाही. म्हणून त्याला सावरणारे बलही निर्माण होत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर बूगे ह्याने १७४६ साली ह्या विषयाचे गणित मांडले. त्यानुसार, लांबी व भार तेच ठेवल्यास आकारामुळे मिळणारे स्थैर्य पाण्याच्या पातळीवरील रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रुंदी ६० सेंटिमीटरवरून ४० वर आणली तर ती एकतृतीयांशाने घटते. स्थैर्य मात्र एकतृतीयांशाहूनही कमी उरते.

पूर्वी एका माणसाच्या कयाकची रुंदी निदान ५१ सेंटिमीटर असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. परंतु ही रुंदी पाण्याच्या पातळीवरच असली पाहिजे असे त्यात म्हटलेले नव्हते. चतुर रचनाकारांनी ती बैठकीच्या मागे, पाण्याच्या वर नेऊन ठेवली. त्यामुळे वरून पाहताना नौका चौकटच्या पत्त्यावरील आकृतीसारखी दिसे; पाण्यातील भाग मात्र अरुंदच राही. नियम पाळला जाई, पण त्या रुंदीने नौका स्थिर होत नसे. २००० सालानंतर ही अट काढून टाकण्यात आली आणि नौकांच्या कडा सरळ व सडपातळ झाल्या.

रुंदीचे बंधन गेल्यावर रचनाकारांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. सर्वांत अधिक रुंदी न वाढविता स्थैर्य कोठून मिळवावयाचे? त्यासाठी अनेक लहानसहान उपाय योजले जातात. बैठकीखालचा तळ किंचित सपाट केला जातो. दोन्ही टोकांकडे नौका एकदम निमुळती न करता पाण्याच्या पातळीवर थोडी भरीव ठेवली जाते. कडा वरच्या बाजूस बाहेर झुकविल्या, तर नौका कलल्यावर अधिक रुंद भाग पाण्यात येतो व तिला सावरतो. बैठक एखाददुसरा सेंटिमीटर खाली आणली तरी तोल सुधारतो. पण फार खाली आणल्यास वल्ह्याचा फटकारा आखूड पडतो. ह्यांपैकी कोणताही उपाय फुकट मिळत नाही. प्रत्येकाची थोडीफार किंमत वेगाच्या रूपाने मोजावीच लागते. वल्हविणाऱ्याच्या वजनालाही महत्त्व आहे. हलका माणूस मोठ्या नौकेत बसला तर ती पाण्यावर उंच तरंगते व डळमळते. वजनदार माणूस लहान नौकेत बसला तर ती खोल रुतते व घर्षण वाढते. म्हणून एकच नौका निरनिराळ्या मापांत तयार केली जाते.

तरीही कागदावरील सर्वांत वेगवान नौका प्रत्यक्षात सर्वांत पुढे जाईलच असे नाही. ज्याचे अर्धे लक्ष तोल सांभाळण्यात गुंतलेले असते, तो पायांचा रेटा व कमरेचा पीळ पूर्णपणे वापरू शकत नाही. त्याचे फटकारे आखूड होतात आणि वल्हे पाणी मागे ढकलण्याऐवजी आधार शोधू लागते. वाऱ्याच्या लाटा किंवा शेजारच्या नौकेने उठविलेल्या लाटा आल्या म्हणजे हा दोष अधिकच जाणवतो, आणि थंड पाण्यात नौका उलटणे धोक्याचेही ठरू शकते. अशा माणसाला थोडी रुंद नौकाच अधिक वेगाने पुढे नेते. सरावाने त्याचा तोल पक्का झाला, म्हणजे अरुंद नौकेचा लाभ त्याला मिळू लागतो.

म्हणून वेग व स्थैर्य ह्यांचा मेळ घालणे म्हणजे दोन टोकांच्या मधला बिंदू निवडणे नव्हे. ज्या माणसाने ती चालवावयाची, त्याची शक्ती जिच्यात कमीत कमी वाया जाईल, ती नौका उत्तम. ग्रीनलँडचा शिकारी आपल्या हातांच्या व कमरेच्या मापाने कयाक घडवीत असे. आजच्या रचनाकारांजवळ कार्बन तंतू व संगणक आहेत. परंतु माप मात्र त्यांनाही माणसाचेच घ्यावे लागते.